बराबर लेण्यांची झिलई : ग्रॅनाइट घासला कशाने?

१/ बिहारमधील बराबरची लेणी ग्रॅनाइटमध्ये खोदलेली आहेत. अशोकाने राज्याभिषेकाच्या १२व्या वर्षी त्यांतील सुदामा लेणे आजीविकांना दान केले. भिंती आजही आरशासारख्या चकाकतात. हे ‘लुप्त तंत्रज्ञान’ होते काय?

२/ घर्षकाचा नियम साधा आहे : तो दगडाइतका किंवा त्याहून कठीण हवा. कठिनतेच्या दहा अंकी मापक्रमावर ग्रॅनाइटमधील क्वार्ट्‌झ ७, तितकीच त्याची वाळू; कुरुंद ९. लोखंड मऊ, म्हणून छिन्नीने झिलई येत नाही.

३/ आधी जाड कण, मग बारीक. प्रत्येक टप्प्याने मागचे ओरखडे पुसायचे.

४/ लोमश ऋषी लेणे अपूर्ण राहिले. तेथे भिंती गुळगुळीत, तर छतावर छिन्नीचे घाव तसेच आहेत. परग्रहवासीयांना श्रेय देण्यापूर्वी ते छत पाहावे.

५/ इंग्रजीतील ‘कोरंडम’ हे नावही तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेले आहे.