आकाशाची कड

भंडारा जिल्ह्यांतील आंधळगांव हें रेशमी वस्त्रांच्या विणकामासाठीं नांवाजलेलें गांव. गेल्या कार्तिकांत तेथें एका विणकर स्नेह्यांच्या अंगणांत बसलों असतां वीज गेली, आणि डोक्यावरचीं नक्षत्रें एकाएकीं दाट झालीं. त्यांच्या लहानग्या नातीनें विचारलें, “आजोबा, लुगड्याला काठ असतो, तसा आभाळालाही असतो का?” आजोबा हंसून म्हणाले, “मागावरचें काय तें मला विचार, बाई. वरचें या मास्तरांना.” मास्तरांना त्या वेळीं उत्तर सुचलें नाहीं. घरीं परतल्यावर मात्र आठवलें कीं, हाच प्रश्न साडेआठशें वर्षांपूर्वीं सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या एका पुरुषानें हातीं घेतला होता.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ. स. १११४) मधला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें, त्यांनीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचला. नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यानें चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिल्याचें तेथील शिलालेख सांगतो. तो लेख एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं उजेडांत आणला.

आपल्या प्राचीन ज्योतिष्यांनीं आकाशाच्या परिघाला ‘खकक्षा’ असें नांव दिलें होतें, आणि तिचें मापही दिलें होतें. सूर्यसिद्धांताप्रमाणें ती १८,७१,२०,८०,८६,४०,००,००० योजनें. भास्कराचार्यांच्या ग्रंथांत १८,७१,२०,६९,२०,००,००,००० योजनें. एवढा आंकडा पाहिला कीं वाचक दोहोंपैकीं एक करितो: हात जोडतो किंवा हंसतो. दोन्ही न करितां तो आला कोठून हें पाहावें. चंद्रकक्षेवरील एक कला म्हणजे १५ योजनें असें धरलें होतें. वर्तुळाच्या २१,६०० कला, म्हणून चंद्राची कक्षा ३,२४,००० योजनें. एका कल्पांत, म्हणजे ४,३२,००,००,००० वर्षांत, चंद्र ५७,७५,३३,००,००० प्रदक्षिणा करितो. या दोहोंचा गुणाकार हीच खकक्षा! सूर्यसिद्धांताचा आंकडा निराळा पडतो, तो केवळ चंद्राच्या प्रदक्षिणा तेथें किंचित् अधिक मानल्या म्हणून. आकाशाचा तट कोणीं पाहिला नव्हता आणि मोजलाही नव्हता. चंद्राची एकूण वाटचाल तेवढी मांडली होती.

हें वर्म आचार्यांनीं पुरतें ओळखलें होतें. गोलाध्यायांत ते प्रथम इतरांचीं मतें देतात. कोणी म्हणतात, हा ब्रह्मांडाच्या संपुटाचा घेर. पौराणिक म्हणतात, हा लोकालोक पर्वत. आणि ज्यांना सर्व गोल तळहातावरच्या आंवळ्यासारखा दिसतो ते म्हणतात कीं, सूर्याचे किरण जेथवर अंधार घालवितात तेथवरच्या आकाशाचा हा परिघ. (आंवळ्याच्या उल्लेखांत किंचित् चिमटा आहे, असें आम्हांस वाटतें.) मग स्वतःचें मत येतें: ब्रह्मांड एवढें असो वा नसो, कल्पभरांत ग्रह जितकीं योजनें चालतो तितक्यांना पूर्वसूरींनीं हें नांव दिलें, इतकेंच आमचें म्हणणें. पृथ्वीला आधार कोणाचा, या प्रश्नींही त्यांची हीच रीत. आधार मानला तर त्याला दुसरा आधार, त्याला तिसरा. अशानें शेवट लागत नाहीं, म्हणून पृथ्वी स्वशक्तीनेंच अधांतरीं आहे असें ते म्हणतात.

याचा अर्थ त्यांचें सर्वच बरोबर होतें असा नव्हे. सर्व ग्रह रोज सारखींच योजनें, सुमारें ११,८५९, चालतात हें त्यांनीं परंपरेनें स्वीकारलें, आणि तें चूक आहे. दूरचा ग्रह मंद चालतो हें केप्लरच्या १६१९ मधील नियमानें स्पष्ट झालें. तसेंच सूर्यप्रकाशाच्या मर्यादेचें मत वाचून आधुनिक विश्वशास्त्र आमच्याच पोथींत होतें अशी बढाई मारणारांना एवढेंच सांगावें कीं, तें मत आचार्यांनीं आपलें म्हणून दिलेलेंच नाहीं.

युरोपांत हा प्रश्न अधिक महाग पडला. अनंत विश्वें मानणाऱ्या ब्रूनोला १६०० सालीं रोममध्यें जाळण्यांत आलें. आरोप अनेक होते, त्यांत हाही होता. १९१७ सालीं आइन्स्टाइननें विश्व सांत असूनही त्याला कड नसावी असें गणितानें मांडलें: पृथ्वीच्या पाठीवर कितीही चालावें, कड लागत नाहीं, तसें. त्याचाच सापेक्षतावाद विष्णु वासुदेव नारळीकर बनारसच्या हिंदु विद्यापीठांत शिकवीत. त्यांचे पुत्र जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनीं तर महास्फोटाच्या सर्वमान्य कल्पनेविषयींची शंका अखेरपर्यंत सोडली नाहीं.

त्या सर्वमान्य गणनेनें विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें. ज्यांचा प्रकाश आम्हांपर्यंत येऊं शकला, अशा स्थळांची सीमा, विश्व फुगत गेल्यामुळें, आज सुमारें ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ही दृष्टीची मर्यादा; विश्वाची कड नव्हे. तिच्यापलीकडे विश्व सांत आहे कीं अनंत, हें मोजमापांनीं अद्याप ठरलेलें नाहीं.

आंधळगांवच्या त्या मुलीला आम्ही पत्र धाडलें आहे. त्यांत आचार्यांचे दोन आंकडे लिहिले आहेत, आणि गुणाकार तिच्यासाठीं मोकळा ठेविला आहे.