मागे सरकणारा आरसा

काकांच्या स्टुडिओतली हॅसलब्लाड ५००सी आणि मी नंतर सेकंडहँड घेतलेली ५०३सीडब्ल्यू शेजारीशेजारी ठेवल्या, की नवख्याला दोन्ही सारख्याच वाटतात. फरक डोळा लावल्यावर कळतो.

५००सी आली १९५७ मध्ये, स्वीडनच्या गोथेनबर्गमधून. आधीच्या १६००एफचं शटर बॉडीत होतं आणि ते फार नाजूक होतं. नव्या कॅमेऱ्यात ते लेन्समध्ये गेलं. कमाल वेग १/१६०० वरून १/५०० सेकंदावर उतरला, पण फ्लॅश कुठल्याही वेगाला जुळू लागला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या काकांना तेच हवं होतं.

फोकसिंगची काच बदलायची, तर तेव्हा कारागीर गाठावा लागे. १९७० च्या ५००सी/एमपासून ती हातानं निघू लागली. माझ्या मते या घराण्यातली सर्वांत उपकारक सुधारणा हीच. मग आरसा. लांब पल्ल्याची लेन्स लावली, की जुन्या बॉडीत चौकटीची वरची कड काळी दिसे. फिल्मवर मात्र सगळं उमटे. काका डोक्यावरची जागा अंदाजानं सोडत, आणि तो अंदाज क्वचितच चुके. १९९६ च्या ५०३सीडब्ल्यूचा आरसा मोठा, वर जाताना मागे सरकणारा. कड स्वच्छ दिसते.

काकांचं बारा फोटोंचं मॅगझिन या बॉडीलाही चपखल बसतं. परवा त्यातच आईचा फोटो काढला. बटण दाबलं, की दोन्ही कॅमेऱ्यांत अंधार होतो. चावी फिरवेपर्यंत आई पुन्हा दिसत नाही.