शाँपिन्याँ
खाद्य अळिंबीसाठी युरोपात रूढ असलेला मूळ फ्रेंच शब्द. ‘कांपुस’ म्हणजे मोकळे मैदान, या लॅटिन शब्दाशी त्याचे मूळ जोडले जाते. म्हणजे रानात, कुरणात उगवणारी. कुरणातल्या रानटी जातीच्या ‘अगॅरिकस कँपेस्ट्रिस’ या शास्त्रीय नावातही हेच मूळ आहे. फ्रेंचमध्ये मात्र हा शब्द विषारी-बिनविषारी अशा सर्वच भूछत्रांना, एवढेच नव्हे तर कातडीवरील बुरशीजन्य रोगालाही लावतात. जर्मन, रशियन इ. भाषांत गेल्यावर त्याचा अर्थ आकसला व तो मुख्यतः अगॅरिकस प्रजातीपुरता उरला. पाककृती वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

लागवडीची अळिंबी (अगॅरिकस बायस्पोरस) फ्रान्समध्ये ‘पॅरिसची शाँपिन्याँ’ म्हणून ओळखली जाते. घोड्याच्या लिदीच्या खतावर ती वाढवण्याची पद्धत तूर्नफॉर या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1707 मध्ये नोंदवली. एकोणिसाव्या शतकात पॅरिसखालच्या जुन्या दगडखाणींत तिची लागवड फोफावली. तिथला अंधार नव्हे, तर स्थिर गारवा व ओलावा तिला मानवला. पुढे हा व्यवसाय मुख्यतः लुआर खोऱ्यातील सोम्यूरच्या गुहांकडे सरकला. आपल्या बाजारात हीच अळिंबी ‘बटन मशरूम’ नावाने मिळते.