तळटीप १७ : टेनिसमधील फटक्यांची नावे

१७. लेखक बिबवेवाडीचे; सामना मात्र बालेवाडीतला. बिबवेवाडी पुण्याच्या दक्षिणेला, मार्केट यार्डापलीकडे, तर बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल दुसऱ्या टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत. बाहेरगावच्या वाचकाने नावांची गल्लत करू नये. हा सामना ज्या स्पर्धेतला, ती आधी चेन्नईत होत असे; २०१८मध्ये ती पुण्यात आली. येथील वर्णन ५ जानेवारी २०१९च्या एकेरीच्या अंतिम सामन्याचे आहे : केव्हिन अँडरसन विरुद्ध इवो कार्लोविच.

तळवा चेंडूकडे ठेवून मारलेला फटका फोरहँड, हाताची पाठ चेंडूकडे असेल तर बॅकहँड. ‘टॉपस्पिन’मध्ये रॅकेट खालून वर घासत जाते, चेंडू जाळ्यावरून उंच जाऊनही झपकन खाली येतो आणि टप्प्यानंतर उसळतो. ‘स्लाइस’ याच्या नेमका उलट. रॅकेट वरून खाली कापत येते, चेंडूला उलटी फिरकी मिळते आणि टप्प्यानंतर तो फारसा उठत नाही. म्हणून सहा फूट आठ इंचांच्या अँडरसनसमोर कार्लोविचचा स्लाइस बॅकहँड महत्त्वाचा. एवढ्या उंच माणसाला गुडघ्याखालचा चेंडू उचलणे जड जाते. टप्पा पडू न देता मारलेली ती व्हॉली, टप्पा पडताक्षणी मारलेली हाफ-व्हॉली. क्रिकेटमध्ये हाफ-व्हॉली हा गोलंदाजाचा चेंडू असतो, टेनिसमध्ये मारणाऱ्याचा फटका, आणि अत्यंत अवघड. ‘लॉब’ म्हणजे जाळ्याजवळ आलेल्याच्या डोक्यावरून टाकलेला उंच चेंडू. या अंतिम सामन्याचे तिन्ही सेट टायब्रेकरवर गेले. अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला.