खादी स्वस्त की मजुरी रास्त? १९३५ साली वर्ध्यात झालेला निर्णय आणि आजची पगाराची स्लिप

'मार्केट रेट हाच आहे, परवडत असेल तर करा.' नोकरीच्या मुलाखतीत, कंत्राटी कामावर किंवा पगारवाढीच्या बोलण्यात हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं असतं. बाजारात जो दर चालतो, तोच योग्य दर, असं यात गृहीत धरलेलं असतं.

पण बाजाराचा दर आणि न्याय्य दर या दोन वेगळ्या गोष्टी असतील तर? आणि दर वाढवला की माल महागणार, विक्री घटणार, हे समोर दिसत असेल तर निर्णय कसा घ्यायचा?

नेमक्या याच पेचात ९० वर्षांपूर्वी एक संस्था सापडली होती. तिचं नाव अखिल भारत चरखा संघ. ज्या बैठकीत तिने मजुरीचा निर्णय घेतला, ती वर्ध्यात झाली. सेवाग्राम, पवनार ही नावं आपण आश्रमांमुळे ओळखतो. मात्र कामाच्या ठिकाणी न्याय आणि विश्वास कशाला म्हणायचं, याचा एक महत्त्वाचा धडाही याच जिल्ह्यातला आहे.

चरखा संघ नेमका काय करायचा?

चरखा संघाची स्थापना १९२५ साली झाली. काम साधं होतं. खेड्यापाड्यातल्या लोकांकडून, मुख्यतः बायकांकडून, सूत कातून घ्यायचं, ते विणकरांना द्यायचं आणि तयार खादी भांडारांतून विकायची.

या साखळीत अनेकजण होते. कापूस पिंजणारे, कातणाऱ्या, विणकर, धोबी, रंगारी आणि पगारी कार्यकर्ते. यांत सगळ्यात कमी मोबदला कातणाऱ्या बाईला मिळायचा. दिवसभर चरखा चालवून हातात एखाद-दुसरा आणा पडायचा. तेव्हा एका रुपयाचे १६ आणे होत.

असं का होत होतं? विणकाम हे कौशल्याचं काम होतं. विणकराला गिरणीचं सूत विणण्याचा पर्याय होता. त्याला कमी पैसे दिले तर तो निघून जाई. कातणारी बाई घरात, एकटी आणि विखुरलेली. शेतीचा हंगाम संपला की तिच्याकडे दुसरं काम नाही. ती जाणार कुठे? त्यामुळे खादी स्वस्त करायची म्हटलं की पहिली कात्री तिच्याच मजुरीला लागायची.

यात कोणाची फसवणूक नव्हती. दर ठरलेला होता, पैसे रोख मिळत होते आणि बायका स्वतःहून सूत घेऊन येत होत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर सगळं 'प्रोसेस'प्रमाणे चाललं होतं.

मग प्रश्न कुठून आला?

१९३४च्या डिसेंबरमध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेत त्याचं काम सुरू झालं आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. महात्मा गांधीही तेव्हा मगनवाडीतच राहत होते. शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, ते १९३६ साली गेले.

ग्रामोद्योगातल्या वस्तूंचे दर ठरवताना एक मूलभूत प्रश्न पुढे आला. आठ तास नेकीने काम करणाऱ्या माणसाला किमान किती मिळालं पाहिजे? हाच प्रश्न मग चरखा संघालाही लागू झाला.

१९३५च्या उन्हाळ्यापासून गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकातून हा विषय लावून धरला. त्यांचा प्रस्ताव होता तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांचे आठ आणे. चालू मजुरीच्या तुलनेत ही उडी कित्येक पटींची होती. खादी स्वस्त करण्याच्या नादात कातणाऱ्यांकडे दुर्लक्ष झालं, ही चूक त्यांनी स्वतःच्या पदरात घेतली. संस्थेचा सर्वोच्च नेता आपलंच जुनं धोरण चुकलं असं जाहीरपणे लिहीत होता.

विरोध कशाला होता?

विरोध करणारे शोषक नव्हते. खादीसाठी आयुष्य दिलेले कार्यकर्तेच होते आणि त्यांचे मुद्दे बिनबुडाचे नव्हते.

पहिला मुद्दा किमतीचा. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग होती. ती आणखी महागली तर घेणार कोण?

दुसरा मुद्दा रोजगाराचा. विक्री घटली तर सूत कमी लागेल. मग काही बायकांना जास्त मजुरी मिळेल, पण बाकीच्यांचं काम जाईल. एक आणा मिळणारीला शून्य आणे मिळाले तर हा न्याय कसला?

तिसरा मुद्दा स्पर्धेचा. चरखा संघाच्या प्रमाणपत्राशिवाय खादी विकणारे व्यापारी होतेच. संघाने मजुरी वाढवली की ते कमी मजुरीचं सूत घेऊन स्वस्त खादी विकणार.

आज किमान वेतन वाढवण्याची चर्चा निघाली की हेच तीन मुद्दे जवळपास याच क्रमाने येतात.

वर्ध्याच्या बैठकीत काय ठरलं?

ऑक्टोबर १९३५ मध्ये चरखा संघाच्या मंडळाची बैठक वर्ध्यात झाली. तिथे ठराव झाला की कातणाऱ्यांची मजुरी वाढवायची आणि ती बाजारावर न सोडता एका मापावर ठरवायची. ते माप असं होतं: आठ तासांच्या कुशल कामाच्या मोबदल्यात माणसाला शास्त्रीय मापाने किमान आवश्यक आहार आणि वर्षाला २० वार कापड मिळालं पाहिजे.

ठरावात सरसकट आठ आण्यांचा आकडा नव्हता. प्रत्येक प्रांतात धान्याचे भाव वेगळे, म्हणून मजुरीचा आकडाही वेगळा राहणार होता. सगळीकडे सारखी राहणार होती ती हिशेबाची पद्धत.

अंमलबजावणी सोपी नव्हती. कातणारी बाई घरी काम करायची, तिचे तास मोजणार कोण? म्हणून पैसे सुतावरच द्यायचे, पण सुताचा दर असा लावायचा की चांगलं कातणारीला आठ तासांत किमान मजुरी सुटावी. मग चांगला चरखा, नीट पिंजलेला कापूस आणि कातण्याचं शिक्षण या गोष्टीही महत्त्वाच्या झाल्या. खराब साधन देऊन 'तुमचा स्पीड कमी आहे' म्हणणं आता बसणार नव्हतं.

महाराष्ट्र शाखेने यात पुढाकार घेतला. वर्ध्याचे श्रीकृष्णदास जाजू हे या कामातलं महत्त्वाचं नाव. आठ तासांना तीन आणे ही पातळी पुढच्या काळात गाठली गेली. आठ आण्यांचं ध्येय मात्र लांबच राहिलं. खादीचे दर वाढले आणि तो भार गिऱ्हाइकाने उचलावा, अशी संघाची उघड भूमिका होती.

याच काळात वर्ध्याजवळच्या नालवाडीत विनोबा भावे यांनी वेगळीच कसोटी लावली. रोज कित्येक तास सूत कातायचं आणि त्याच्या मजुरीत जेवढं बसेल तेवढ्यावरच गुजराण करायची. दुसऱ्याची मजुरी ठरवण्याआधी त्या मजुरीत जगता येतं का, हे त्यांनी स्वतः करून पाहिलं.

हा निर्णय पूर्णपणे न्याय्य होता का?

नाही, आणि ते पाहणंही गरजेचं आहे. मजुरी ज्यांची ठरत होती, त्या कातणाऱ्या बायका निर्णय घेणाऱ्या मंडळात नव्हत्या. वाढीव मजुरीबरोबर कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, अशी अपेक्षाही जोडली गेली. हेतू चांगला असला तरी कष्टाचे पैसे कशावर खर्च करायचे, हे दुसऱ्या कोणी ठरवणं कितपत योग्य, हा प्रश्न उरतोच.

दुसरी मर्यादा मोठी होती. हा नियम फक्त चरखा संघापुरता होता. शेजारच्या शेतावर, जिनिंगमध्ये किंवा गिरणीत राबणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता. धनिकाने संपत्तीचा मालक म्हणून नव्हे तर विश्वस्त म्हणून वागावं, ही गांधीजींची मांडणी होती. पण मालक तसा वागला नाही तर कामगाराने करायचं काय?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना विश्वस्ताची ही कल्पना मान्य नव्हती. हक्क कायद्याने मिळाला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं. पुढे १९४८ साली किमान वेतन कायदा झाला.

किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन यांत फरक काय?

स्वातंत्र्यानंतर नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने तीन पातळ्या सांगितल्या.

• किमान वेतन: जगण्यासाठी आणि काम करण्याची ताकद टिकवण्यासाठी लागणारा मोबदला. यापेक्षा खाली जाता येत नाही.

• न्याय्य वेतन: किमान वेतनाच्या वरचं. उद्योगाची ऐपत, कामाची उत्पादकता आणि परिसरातले दर पाहून ठरतं.

• निर्वाह वेतन: अन्नवस्त्रापलीकडे मुलांचं शिक्षण, आजारपण, म्हातारपणाची तजवीज आणि थोडा सन्मानाचा जगण्याचा भाग. संविधानाच्या कलम ४३ मध्ये राज्यासमोर हेच ध्येय ठेवलं आहे.

१९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा हिशेब कसा करायचा हे ठरवलं. एका कमावत्या माणसामागे खाणारे तीन 'युनिट' धरायचे, प्रत्येकी २,७०० कॅलरींचा आहार, चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के.

वर्ध्याच्या ठरावाशी हे ताडून पाहा. तिथे माणशी २० वार कापड आणि शास्त्रीय मापाचा आहार होता. इथे माणशी १८ वार आणि कॅलरी. मोठा फरक असा की १९५७ च्या मापात कामगाराचं कुटुंबही आलं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रॅप्टाकोस ब्रेट खटल्यात शिक्षण, औषधोपचार, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली.

'परवडत नाही' या मुद्द्यावरही न्यायालयाने १९५० च्या दशकातच स्पष्ट सांगितलं आहे की किमान वेतन देता येत नसेल, तर तो उद्योग चालवण्याचा हक्क सांगता येणार नाही.

आज कायदा काय सांगतो?

किमान वेतन कायद्यासह चार जुने कायदे एकत्र करून २०१९ साली वेतन संहिता मंजूर झाली. केंद्राने ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. कामाला लागणाऱ्या प्रत्येकाने यातल्या काही गोष्टी माहीत ठेवाव्यात.

• महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे.

• नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर थकलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं आहे.

• सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होऊ शकत नाहीत.

• सारख्या कामासाठी लिंगावरून वेतनात भेदभाव करता येत नाही.

• पगाराची स्लिप देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

• थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो.

एखादा निर्णय न्याय्य आहे का, हे कसं ओळखायचं?

पगारवाढ असो, शिफ्ट असो की कोणाला कामावरून कमी करायचं असो, वर्ध्याच्या निर्णयावरून चार प्रश्न काढता येतात.

१. माप आधी ठरलं की निकाल आधी ठरला? चरखा संघाने आधी आहार आणि कापडाचं माप ठरवलं, मग आकडे काढले. अप्रेझलचे निकष रेटिंग दिल्यावर कळत असतील, तर विश्वास बसणं कठीण आहे.

२. झळ कोणाला बसते? कंपनीचा खर्च वाचवायचा म्हटल्यावर पहिली कात्री दर वेळी सफाई कामगार, सिक्युरिटी आणि कंत्राटी पोरांनाच लागते का? ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याकडूनच बचत होत असेल तर ती त्याच्या अडचणीतून काढलेली बचत आहे.

३. ठरवणाऱ्याला त्या जागी राहून चालेल का? विनोबांसारखं त्या मजुरीवर जगणं प्रत्येक मॅनेजरला जमणार नाही. पण एक दिवस ती शिफ्ट करून पाहणं जमू शकतं.

४. ज्याच्यावर परिणाम होतो, त्याला बोलायची जागा आहे का? इथे वर्ध्याचा निर्णय कमी पडला. तक्रार केली म्हणून रोस्टरमधून नाव उडणार असेल, तर भिंतीवर लावलेल्या 'ओपन डोअर पॉलिसी'चा उपयोग नाही.

मगनवाडीच्या आवारात आज मगन संग्रहालय आहे. खादी आणि ग्रामोद्योगाची साधनं तिथे पाहायला मिळतात. वर्ध्याला गेलात तर तिथला चरखा पाहताना त्यामागे बसणाऱ्या बाईच्या हिशेबाचीही आठवण ठेवा. आठ तासांच्या कामात पोटभर जेवण आणि अंगभर कपडा सुटतो का, हा तिचा प्रश्न होता. महिन्याच्या सात तारखेला मोबाइलवर पगाराचा मेसेज येतो, तेव्हा आजही अनेकजण तोच हिशेब मांडत असतात.