पांढरी अक्षरं बाहेर

“पांढरी अक्षरं बाहेर ठेवायची की आत?” डेन्व्हरमधल्या टायरच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाने विचारलं. प्रश्न कळायलाच मला वेळ लागला. पिकअपच्या बऱ्याच टायरांवर एका बाजूला नाव पांढऱ्या, उठावाच्या अक्षरांत असतं आणि दुसरी बाजू साधी काळी असते. कोणती बाजू जगाला दाखवायची ते गिऱ्हाईक ठरवतं.

पण तो प्रश्न शेवटचा होता. मी तिथे गेलो होतो अॅव्हरेजची तक्रार घेऊन. वापरलेला पिकअप घेतला होता, आधीच्या मालकाने त्याला चिखलात चालणारे जाड, दातेरी टायर लावले होते आणि खरं सांगायचं तर निम्मी गाडी मी त्या टायरांकडे बघूनच घेतली होती. नारायणगावच्या काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवली. त्यांचा पिकअप टोमॅटो वाहतो. ते म्हणाले, “अरे, हे ट्रॅक्टरचे टायर कशाला लावलेत? अॅव्हरेज किती देते?” मोजलं तेव्हा तोंड पडलं.

दुकानातल्या माणसाने नक्षीकडे पाहिलंच नाही. तो वाकला, टॉर्च मारला आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले : ३४११. म्हणजे २०११ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा गेल्या होत्या. “यावर आय-७० चढणार होतात?” त्याने विचारलं. हा महामार्ग डेन्व्हरहून आयझेनहॉवर बोगद्याकडे चढतो, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर. मी पुढच्याच आठवड्यात जाणार होतो.

त्या रात्री मी टायरचा इतिहास वाचायला बसलो. आधी भीतीने, मग आवडीने.

दिसणं आणि पकड ही दोन वेगळी खाती आहेत असं आपण समजतो. सुरुवातीला तसं नव्हतं. सुरुवातीचे टायर गुळगुळीत होते, आपल्या भाषेत गोटा. १९०८ मध्ये हार्वी फायरस्टोनच्या कंपनीने जो ‘नॉन स्किड’ टायर काढला, त्याची नक्षी म्हणजे चक्क अक्षरं होती. ‘फायरस्टोन’ आणि ‘नॉन स्किड’ हे शब्दच तिरके कोरून रबरात उठवले होते. अक्षरांच्या कडा मातीत रुतायच्या आणि गाडी गेल्यावर रस्त्यावर जाहिरात उमटायची. पकड आणि जाहिरात एकाच साच्यातून. इतकं नेटकं डिझाइन मी माझ्या नोकरीत अजून पाहिलेलं नाही.

पांढऱ्या रंगाची गोष्ट उलटी आहे. रबरात झिंक ऑक्साइड मिसळत, म्हणून जुने टायर फिकट असायचे. काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली की रबर कित्येक पटींनी कमी झिजतं हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं. काही कारखाने ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत आणि बाजू पांढरी राहू देत. काटकसरीतून उरलेला तो पांढरा पट्टा पुढे श्रीमंतीची खूण झाला. आजची पांढरी अक्षरं त्याच घराण्यातली.

पिकअप मात्र शोभेची गाडी नव्हती. एप्रिल १९२५ मध्ये फोर्डने मॉडेल टी गाडीला मागे लहान हौदा बसवून कारखान्यातूनच विकायला सुरुवात केली. किंमत २८१ डॉलर. घेणारे शेतकरी आणि सुतार. रस्ते बहुतेक कच्चे, त्यामुळे टायर घेताना प्रश्न एकच : रुतणार तर नाही?

इंधन या हिशेबात आलं ते एका विचित्र वळणाने. १९४२ मध्ये जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले आणि अमेरिकेचा रबराचा पुरवठा जवळजवळ तुटला. एका माणसाला पाचच टायर ठेवायची मुभा उरली, ताशी ३५ मैलांची मर्यादा आली आणि डिसेंबरात देशभर पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. बऱ्याच भागांत पेट्रोल पुरेसं होतं. रेशनिंग होतं ते लोकांनी गाड्या कमी चालवाव्यात आणि टायर वाचावेत म्हणून. आज आपण पेट्रोल वाचवायला टायर निवडतो, तेव्हा टायर वाचवायला पेट्रोल रोखलं होतं.

आता थोडं यंत्राचं. टायर फिरताना जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो आणि सुटला की पुन्हा गोल होतो. दबताना जेवढी ऊर्जा रबर घेतं तेवढी सगळी परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते आणि ती तुमच्या टाकीतून आलेली असते. गंमत अशी की रस्त्याच्या खडबडीत दाण्यांवर रबर चिकटून राहतं तेही काही प्रमाणात याच दोषामुळे. म्हणून पकड वाढवली की अॅव्हरेज पडतं. मिशलँने १९४६ मध्ये पेटंट घेतलेल्या रेडियल टायरने त्यातला एक भाग सोडवला : आतल्या दोऱ्या आडव्या आणि नक्षीखाली पोलादी पट्टा, त्यामुळे बाजू लवचिक, तळ घट्ट. अमेरिकन कारखान्यांनी तो बरीच वर्षं टाळला, कारण त्यासाठी यंत्रंच बदलावी लागत. १९७३ च्या तेलसंकटाने टाळाटाळ संपली. दुसरी गाठ नव्वदच्या दशकात सुटली. काजळीच्या जागी बरीचशी सिलिका घातली, तर रबर संथ दबताना कमी तापतं, पण रस्त्याच्या बारीक, वेगवान धक्क्यांना तेवढंच धरून राहतं. एकाच पदार्थाने दोन वेगांना दोन वेगळी उत्तरं द्यायची.

पिकअपवाले या हिशेबात रमले नाहीत. १९७६ मध्ये बीएफगुडरिचचा ‘ऑल-टेरेन’ रेडियल आला आणि वाळवंटी शर्यतींमुळे गाजला. मग शहरात ऑफिसला जाणाऱ्या गाड्यांनाही तसले दातेरी टायर लागू लागले. मी हसणार नाही, मीही त्यांतलाच.

वाचताना मी थांबलो ते ऑगस्ट २००० वर. फोर्ड एक्सप्लोरर ही फोर्डच्या रेंजर पिकअपच्या सांगाड्यातून निघालेली गाडी. तिच्यावरचे फायरस्टोनचे एटीएक्स आणि वाइल्डरनेस टायर वेगात असताना सोलले जाऊ लागले. नक्षीचा अख्खा पट्टा पोलादासकट निघायचा आणि उंच गाडी उलटायची. सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले. मृतांचा आकडा अमेरिकेत २७० च्या पुढे गेला. टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना अशा तापत्या राज्यांत अपघात जास्त होते. फोर्डने हवा २६ पाउंड ठेवायला सांगितली होती, फायरस्टोन ३० म्हणत होती. कमी हवेने गाडी मऊ चालते, पण टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो. एकाने टायरकडे बोट दाखवलं, दुसऱ्याने गाडीकडे. १९०६ पासूनचा धंदा आणि १९४७ ची सोयरीक (हेन्री फोर्डच्या नातवाचं लग्न हार्वी फायरस्टोनच्या नातीशी झालं होतं) असूनही मे २००१ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. डॅशबोर्डवर हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागतो ना, तो अमेरिकेत सक्तीचा झाला याच प्रकरणानंतरच्या कायद्याने. ते टायर लुळे दिसत नव्हते. लोकांनी पंपावर कितीदा तरी त्यांच्याकडे पाहिलं असेल.

टायरवरच्या खुणा वाचतानाही हाच धडा मिळतो. ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, ही खूण नक्षीच्या आकारावर मिळते : खाचा किती, कडा किती. बर्फावर चालवून बघायची अट नाही. म्हणजे ती दिसण्यावर दिलेली पदवीच. तीन शिखरांत हिमकण काढलेली खूण १९९९ मध्ये आली. तिच्यासाठी बर्फावर प्रत्यक्ष चाचणी देऊन ठरावीक टायरपेक्षा १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते.

अॅव्हरेजचं गणित मी सकाळी मांडलं. अमेरिकेतल्या एका सरकारी अभ्यासाने २००६ मध्ये सांगितलं होतं : टायरचा फिरण्याचा विरोध १० टक्के कमी केला तर इंधनात १ ते २ टक्के फरक पडतो. एका टायरपुरतं कमी वाटतं. पण गाडी गॅलनला २० मैल देत असेल, वर्षाला १२,००० मैल होत असतील आणि जड टायरांनी ५ टक्के खाल्ले, तर वर्षाला ३२ गॅलन जास्त लागतात. शिवाय एक चकवा. आधीच्या मालकाने टायर साडेएकतीसऐवजी ३३ इंची लावले होते. मोठं चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, मीटरला ते ठाऊक नसतं. १०५ मैल गेलो तरी मीटर १०० च दाखवतो. म्हणजे माझी गाडी मला वाटली तेवढी खादाड नव्हती, आणि वेगमर्यादा मात्र मी रोज मोडत होतो.

शेवटी मूळ मापाचे, हलक्या बांधणीचे, हिमकणाची खूण असलेले ऑल-टेरेन घेतले. चिखलवाल्यांइतके दणकट दिसत नाहीत. अक्षरं बाहेर ठेवली.

काकांना ते चार आकडे कसे वाचायचे ते सांगितलं. त्यांचे मागचे दोन टायर रिमोल्ड आहेत, नक्षी नवी आणि अंग जुनं. ते फोन हातात घेऊनच अंगणात गेले, टायरवरची माती बोटाने पुसली आणि म्हणाले, “थांब, चष्मा आणतो.”