पाणी एकच, पाळी कुणाची?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी आहे. तिथे डोंगराच्या पोटात कोयनेचं भूमिगत वीजघर आहे. पहिल्या टप्प्याची चार आणि दुसऱ्या टप्प्याची चार, अशी आठ जनित्रं एकाच शिवसागर जलाशयाच्या पाण्यावर फिरतात. इथली वीजनिर्मिती १९६२मध्ये सुरू झाली. पण घाटावरच्या कृष्णाखोऱ्यालाही पाणी हवं, म्हणून १९७०च्या दशकात बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. पुढे १९९९मध्ये चौथ्या टप्प्यासाठी त्याच जलाशयाला तळाशी भोक पाडलं गेलं. साठा सामाईक ठेवला की खर्च वाचतो, पण हिशेब कडक ठेवावा लागतो.

तुमच्या फोनमधल्या चिपवरही हीच व्यवस्था आहे. कोर अनेक, मेमरी सामाईक.

आता गोंधळ कसा होतो ते पाहा. मेमरीत १०० हा आकडा आहे. एका कोरला त्यातून १० वजा करायचे आहेत, दुसऱ्याला २०. दोघांनी एकाच वेळी १०० वाचले. पहिल्याने ९० लिहिले, त्यावर दुसऱ्याने ८० लिहिले. उरायला हवे होते ७०. दोघांचंही गणित बरोबर, तरी हिशेब चुकला.

ही अडचण जुनी आहे. डच गणितज्ञ डेकर यांनी दोघांपुरता तोडगा काढला होता. १९६५मध्ये एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी जेमतेम पानभराच्या लेखात तो कितीही जणांसाठी मांडला : एका वेळी एकानेच आत जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. त्यांनीच सुचवलेल्या दुसऱ्या एका साधनाला रेल्वेच्या जुन्या सिग्नलचं नाव मिळालं, सेमाफोर.

हा नियम पाळला नाही तर काय होतं, ते थेरॅक-२५ या कर्करोगावरच्या किरणोपचार यंत्राने दाखवलं. त्यात प्रोसेसर एकच होता, पण अनेक कामं आलटूनपालटून चालत आणि सामाईक मेमरीतले तेच आकडे वापरत. ऑपरेटरने भराभर दुरुस्ती केली की एका कामाला नवा आकडा कळे, दुसऱ्याला नाही. १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण बसले. काहींचा जीव गेला.

मग मेमरी वाटूनच घेऊ नये, असंही काहींना वाटलं. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार तारा होत्या. आपल्या पुण्यात १९८८मध्ये सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये तिथे तयार झालेला परम ८००० हा महासंगणक याच ट्रान्सप्युटरांचा होता. प्रत्येकाची मेमरी वेगळी. हवं ते निरोप पाठवून मागायचं.

पोफळीलाही ही पद्धत ठाऊक आहे. इथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात जातं आणि तिसरा टप्पा त्यावर वीज करतो. वरच्याने सोडायचं, मग खालच्याने घ्यायचं. भांडण नाही, पण थांबणं आलं.

आजच्या एम्बेडेड चिपमध्ये दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. मोठ्या कोरवर लिनक्स, छोट्या कोरवर सेन्सर किंवा मोटर. मेमरीचा एक तुकडा दोघांत सामाईक असतो आणि ‘माल ठेवलाय’ हे सांगायला एक घंटी. इथे आणखी एक मेख आहे. कोर आपल्याजवळच्या छोट्या कॅशेमध्ये लिहितो. ते सामाईक मेमरीत लगेच उतरेलच असं नाही. बऱ्याच चिपमध्ये असे भिन्न कोर एकमेकांची कॅशे पाहत नाहीत. म्हणून आधी कॅशे रिकामी करायची, मग घंटी वाजवायची. क्रम उलटला तर समोरचा शिळा आकडा उचलतो, आणि मोटर त्याच आकड्यावर फिरते.

साठ वर्षांत कोर बदलले, मेमरी हजारो पटींनी वाढली. मेमरी देणं स्वस्त झालं. ती कुणी, केव्हा वापरायची हे ठरवणं मात्र अजून माणसालाच करावं लागतं, आणि ते यंत्र सुरू होण्याआधी करावं लागतं.